साठा व्यवस्थापन आणि वखार व्यवस्थापन : कोकणातील ऑनलाइन विक्रेत्यांसाठी एक पाठ

मे महिना सरत आला की कोकणातील घराघरांतून आगोटीच्या बेगमीची लगबग सुरू होते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत बाजारहाट दुष्कर होणार, हे जाणून तांदूळ, डाळी, मीठ, मिरची, सुकी मासळी आणि सरपण यांची तजवीज करण्याची ही फार जुनी रीत आहे. ही बेगमी करताना गृहिणी दोन वेगवेगळ्या प्रश्नांचा विचार करीत असते. कोणती वस्तू किती लागेल आणि ती केव्हा आणावी, हा पहिला प्रश्न. आणलेली वस्तू कोठे आणि कशी ठेवावी, म्हणजे ती टिकेल आणि हवी तेव्हा हाताशी येईल, हा दुसरा. मिठाला ओल लागता कामा नये, सुक्या मासळीचा वास पिठाला लागता कामा नये आणि गेल्या वर्षीची डाळ आधी संपली पाहिजे, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही.

आजच्या व्यापारी परिभाषेत यांतील पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला साठा व्यवस्थापन म्हणतात आणि दुसऱ्याच्या उत्तराला वखार व्यवस्थापन. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबा बागायतदार, काजू प्रक्रिया करणारे लघुउद्योजक आणि कोकम, आंबापोळी, फणसपोळी तयार करणारे महिला बचत गट आता आपला माल इंटरनेटद्वारे थेट दूरच्या ग्राहकांना विकू लागले आहेत. मात्र या व्यवहारात ह्या दोन गोष्टींची गल्लत होते आणि त्यापायी कष्टाने तयार केलेला माल व त्याहून मोलाचा असा ग्राहकांचा विश्वास, दोन्ही गमावण्याची पाळी येते. यास्तव त्यांतील भेद समजावून घेणे अगत्याचे आहे.

वखारीचा वारसा

‘वखार’ हा शब्द रत्नागिरी जिल्ह्याला नवा नाही. सतराव्या शतकात राजापूर येथे इंग्रजांची वखार होती आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापुरावर स्वारी केली तेव्हा त्या वखारीवरही घाला पडला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या काळच्या वखारीत माल ठेवला जाई आणि त्या मालाच्या खरेदी-विक्रीचा हिशेबही तेथेच होई. कोठार आणि वही एकाच छपराखाली नांदत असल्याने दोहोंना एकच नाव पडले.

स्वातंत्र्योत्तर काळात शेतमालाच्या शास्त्रशुद्ध साठवणुकीकडे शासनाने लक्ष पुरविले. गोरवाला समितीने १९५४ च्या आपल्या अहवालात ग्रामीण पतपुरवठ्याची सांगड वखारींशी घालण्याची शिफारस केली. त्यानंतर १९५७ साली केंद्रीय वखार महामंडळ आणि त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ स्थापन झाले. या व्यवस्थेत एक गोष्ट स्पष्ट झाली. माल सांभाळणारा एक असतो आणि मालाचा धनी दुसरा. वखारीची पावती शेतकऱ्याच्या हाती असते आणि माल वखारीत असतो. तो केव्हा विकावा याचा निर्णय धनी घेतो, तर त्याला कीड लागू नये याची काळजी वखार घेते. साठा व्यवस्थापन आणि वखार व्यवस्थापन यांतील भेदाचे हे सर्वांत सोपे उदाहरण होय.

दोहोंची कार्यकक्षा

साठा व्यवस्थापनाचा संबंध प्रामुख्याने संख्येशी, काळाशी आणि पैशाशी आहे. कोणत्या वस्तूचे किती नग शिल्लक आहेत, त्यांत किती भांडवल गुंतले आहे, मागणीचा वेग काय आहे, नवा माल केव्हा मागवावा वा तयार करावा, कोणता माल पडून आहे, हे त्याचे प्रश्न. माल घरात असो, दुसऱ्याच्या गोदामात असो वा वाटेत असो, तो विक्रेत्याच्या मालकीचा असेपर्यंत त्याच्या साठ्यात मोडतो.

वखार व्यवस्थापनाचा संबंध जागेशी, हालचालीशी आणि माणसांच्या श्रमाशी आहे. आलेला माल मोजून व तपासून घेणे, तो ठरलेल्या जागी लावणे, मागणी आल्यावर अचूक वस्तू काढणे, बांधणी करणे, रवाना करणे आणि परत आलेल्या मालाची वर्गवारी करणे, अशी तिची क्रमवार कामे आहेत. चार भिंतींच्या आत मालाचे काय होते, एवढेच ती पाहते.

थोडक्यात, ‘किती आहे आणि किती असावे’ हे साठा सांगतो. ‘कोठे आहे आणि कोणत्या स्थितीत आहे’ हे वखार सांगते.

एका आकड्यामागील दोन दोष

हा भेद केवळ पुस्तकी नाही, हे एका काल्पनिक उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, एक महिला बचत गट कोकम सरबताच्या बाटल्या दोन ऑनलाइन बाजारपेठांवर आणि शिवाय दूरध्वनीवरून विकतो. वहीत २४० बाटल्यांची नोंद आहे आणि दोन्ही बाजारपेठांवर २४० हाच आकडा दाखविला आहे. दिवाळीच्या तोंडावर मागणी वाढते म्हणून प्रत्यक्ष मोजणी केली जाते. बाटल्या २४० च भरतात. सर्वांना हायसे वाटते.

परंतु बारकाईने पाहता असे आढळते की, त्यांतील ३६ बाटल्या गेल्या हंगामातील असून मागे दडून राहिल्याने मुदतबाह्य झाल्या आहेत. १८ बाटल्यांची लेबले ओलीने सुटली आहेत. २४ बाटल्यांची मागणी आधीच नोंदविली गेली असून त्या फक्त रवाना व्हावयाच्या आहेत. म्हणजे नव्या ग्राहकाला विकता येण्याजोग्या बाटल्या उरतात त्या १६२. बाहेरच्या जगाला मात्र ४८० बाटल्या उपलब्ध असल्याचे दिसत आहे.

यांतील दोष कोणाचा, हे वेगवेगळे पाहिले पाहिजे. ३६ बाटल्या वाया गेल्या, कारण नवा माल जुन्याच्या पुढे रचला गेला. आणि १८ बाटल्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. हा वखारीचा दोष आहे. उत्पादनखर्च बाटलीमागे ९० रुपये धरला तर या ५४ बाटल्यांपायी ४,८६० रुपये अडकले. लेबले पुन्हा लावून त्यांतील काही कदाचित वाचतील. मुदतबाह्य बाटल्या मात्र गेल्याच. याउलट, नोंदविलेल्या २४ बाटल्या शिलकेतून वजा न करणे आणि एकच साठा दोन ठिकाणी पूर्ण दाखविणे, हा साठ्याच्या हिशेबाचा दोष आहे. त्यातून स्वीकारलेली मागणी रद्द करण्याचा प्रसंग ओढवतो आणि सणाच्या दिवसांत निराश झालेला ग्राहक पुन्हा फिरकत नाही. पहिल्या दोषावर संगणकीय प्रणाली हा उपाय नव्हे, आणि दुसऱ्यावर नवी मांडणी हा उपाय नव्हे. रोग ओळखल्यावाचून औषध देता येत नाही, ते असे.

केव्हा आणि किती मागवावे?

साठा व्यवस्थापनात पुनर्मागणीची पातळी ठरविणे हे महत्त्वाचे काम आहे. समजा, रिकाम्या बाटल्या रोज सरासरी १२ लागतात आणि पुरवठादाराकडून त्या येण्यास १० दिवस लागतात. या काळात १२० बाटल्या खर्च होतील. परंतु कधी रोज २० लागतात आणि घाटात वाहतूक खोळंबल्यास १४ दिवसही लागतात. तेव्हा गरज २८० ची होईल. या दोन आकड्यांतील फरक, म्हणजे १६०, हा संरक्षक साठा होय. म्हणून शिल्लक २८० वर येताच नवी मागणी नोंदविणे सुरक्षित ठरते.

हे गणित बाटल्या, झाकणे, लेबले आणि खोकी यांना लागू पडते. रातांब्यांना मात्र लागू पडत नाही. रातांबे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी आगळ व आमसुले तयार करावी लागतात. नोव्हेंबरात साठा संपला म्हणून झाडाकडे मागणी नोंदविता येत नाही. वर्षभराचा निर्णय एकदाच, उन्हाळ्यात घ्यावा लागतो. म्हणूनच गेल्या वर्षीच्या विक्रीची महिनावार नोंद ही कोकणातील उत्पादकाची खरी पुंजी आहे. ती नसेल तर भांडवल अडकून पडते, नाही तर ऐन मागणीच्या वेळी हात रिकामे राहतात.

पावसाळा आणि वखार

वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत वखारीची पहिली शत्रू म्हणजे ओल. काजूगर हवेतील ओलावा शोषून मऊ पडतो, आंबापोळीला बुरशी येते, पुठ्ठ्याची खोकी दबतात. याकरिता माल जमिनीवर न ठेवता फळ्यांच्या चौकटीवर ठेवावा, भिंतीपासून हातभर अंतर सोडावे आणि उघडझड होताच हवा खेळती ठेवावी. उग्र वासाचे जिन्नस वेगळ्या खोलीत असावेत.

प्रत्येक मांडणीला व कप्प्याला क्रमांक देणे, हे दुसरे काम. ‘मांडणी २, कप्पा ४’ असा पत्ता नोंदीत असला की नवखी व्यक्तीही अचूक वस्तू काढू शकते. ज्याची मुदत आधी संपणार तो माल आधी बाहेर गेला पाहिजे, हा तिसरा नियम. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२४ साली ऑनलाइन बाजारपेठांना असे सांगितले की, ग्राहकाच्या हाती पडताना पदार्थाच्या आयुर्मानाचा किमान ३० टक्के भाग किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. म्हणजे मुदत संपण्याच्या पुष्कळ आधीच तो माल विक्रीयोग्य शिलकेतून कमी करावा लागतो.

हापूसची कसोटी

या दोन्ही शाखांची खरी कसोटी लागते ती हापूस आंब्याच्या हंगामात. चौदा आणे तयार झालेले फळ झेल्याने देठासह उतरविले जाते, वजनानुसार निवडले जाते आणि गवताच्या अढीत पिकू घातले जाते. आठ-दहा दिवसांत ते खाण्याजोगे होते. अशा मालाच्या बाबतीत ‘१०० पेट्या शिल्लक’ या नोंदीला स्वतंत्र अर्थ नाही. काढणीची तारीख त्यापुढे असेल तरच त्यांतील किती आज दिल्लीला पाठवाव्या आणि किती उद्या पुण्याला, हे ठरविता येते. थंड खोलीचा आश्रयही बेताने घ्यावा लागतो. सुमारे १३ अंश सेल्सिअसखाली फळ फार काळ राहिल्यास त्याला थंडीची इजा पोहोचते आणि ते नीट पिकत नाही.

२०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला. परप्रांतीय आंबा रत्नागिरीच्या नावाने खपविला जाण्याची तक्रार जुनी आहे. तिचा मुकाबला नुसत्या शिक्क्याने होणार नाही. बाग, काढणीची तारीख आणि प्रत यांची चिठ्ठी प्रत्येक पेटीवर असणे आणि अढीत निरनिराळ्या बागांची फळे न मिसळणे, हे वखारीतील शिस्तीचे काम आहे. नावाची अब्रू येथे राखली जाते.

दुसऱ्याच्या गोदामातील माल

काही ऑनलाइन बाजारपेठा विक्रेत्याचा माल आपल्या गोदामात ठेवून बांधणी व रवानगीही करतात. अशा वेळी वखारीचे काम त्यांच्याकडे जाते, साठ्याची जबाबदारी मात्र विक्रेत्याचीच राहते. किती माल पाठवावा, कोणता परत मागवावा, परत आलेल्या व खराब झालेल्या नगांचा ताळा जुळतो की नाही, हे त्यानेच पाहावयाचे असते. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत असे गोदाम व्यवसायाचे अतिरिक्त ठिकाण म्हणून दाखवावे लागते, हेही विसरू नये.

प्रारंभ कोठून करावा?

लहान विक्रेत्याने महागड्या संगणकीय प्रणालीने सुरुवात करण्याची गरज नाही. एक नोंदवही किंवा संगणकावरील साधा तक्ता पुरेसा आहे. त्यात प्रत्येक वस्तूपुढे एकूण नग, राखून ठेवलेले, खराब झालेले आणि विक्रीयोग्य असे चार रकाने असावेत आणि पाचव्यात जागेचा क्रमांक. वर्षातून एकदा सर्व माल मोजण्यापेक्षा रोज दोन-तीन वस्तू मोजाव्यात. अधिक खपाच्या वस्तूंची पाळी आठवड्याला यावी. तफावत आढळल्यास आकडा नुसता दुरुस्त न करता तिचे कारण लिहून ठेवावे. एकाच साठ्यावर अनेक ठिकाणी विक्री होऊ लागली की आकडे आपोआप जुळविणारी साठा प्रणाली घ्यावी. आणि माल काढणारे हात वाढून चुका होऊ लागल्या की मग वखार प्रणालीचा विचार करावा.

आगोटीची बेगमी करणाऱ्या माउलीच्या डोक्यात हे दोन्ही हिशेब एकत्र नांदत होते, कारण घर तिचे होते आणि खाणारी माणसे तिच्या ओळखीची होती. आज खाणारा शेकडो कोस दूर आहे आणि त्याचा भरवसा पडद्यावरील एका आकड्यावर आहे. तो आकडा खरा असणे आणि त्यामागील वस्तू चांगली असणे, या दोन्ही गोष्टी सांभाळणाऱ्या उत्पादकालाच हा दूरचा ग्राहक टिकवून ठेवता येईल, यात शंका नाही.