टाचेला शांतता, नळीला गोष्ट

लोकरीच्या विणकामात मोज्याइतकी सोबत देणारी दुसरी वस्तू नाही, असं माझं ठाम मत आहे. स्वेटर वाढत गेला की मांडीवर पसरतो, उन्हाळ्यात नकोसा होतो. मोजा मुठीत मावतो, पर्समध्ये राहतो आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग नुसता गोल गोल सुलट विणायचा असतो. तेवढा वेळ कान मोकळे असतात. त्यांना एखादी साहसकादंबरी द्यावी किंवा तऱ्हेवाईक माणसांनी भरलेली मालिका. फक्त मोज्याच्या कोणत्या भागाला काय ऐकायचं, हे आधी ठरवावं. नवशिक्यांचा मोजा टाचेपाशी अडतो, त्याचं एक कारण टाच आणि रहस्यभेद एकाच वेळी आलेले असतात हेही आहे.

बाळंतविड्यासाठी चिमुकले मोजे आपल्याकडे अनेकींनी विणलेले असतात, पण ते दोन सुयांवर सपाट विणून शिवलेले. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्या मुलासाठी किंवा पाय गार पडणाऱ्या आजोबांसाठी विणायचे, तर शिवण नको. बुटात ती टोचते. त्यासाठी दोन्ही टोकं अणकुचीदार असलेल्या पाच सुयांचा संच घ्या, जाडी २.५ मिमी. धागा निवडताना नुसतं ॲक्रिलिक टाळा. ते घाम शोषत नाही. मोज्यांसाठी मिळणाऱ्या धाग्यात साधारण ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असतं. नायलॉनमुळे टाच लवकर झिजत नाही. १०० ग्रॅमच्या गुंड्यात सुमारे ४०० मीटर धागा असतो आणि मोठ्या माणसाच्या एका जोडीला तो सहसा पुरतो. रंग फिकट घ्या. नजर पडद्यावर असताना काळ्या लोकरीतला निसटलेला टाका वेळेवर दिसत नाही.

१० सेंटिमीटरमध्ये ३० टाके बसत असतील, तर मध्यम पायाला ६४ टाके पुरतात. ते सैल हाताने घाला, चार सुयांवर १६-१६ वाटा आणि फेरी जोडताना टाके पिळले गेलेले नाहीत ना, ते पाहा. पिळलेली फेरी नंतर सुधारता येत नाही, उसवावीच लागते. म्हणून टाके घालणं आणि पहिली फेरी शांततेत व्हावी. त्यानंतर दोन सुलट, दोन उलट अशी सुमारे ५ सेंटिमीटरची पट्टी. इथे हलकीफुलकी मालिका चालते. मग १२ ते १५ सेंटिमीटर सलग सुलट नळी, म्हणजे कादंबरीचा हक्काचा भाग.

कादंबरी कानांनी वाचायची. हक्कमुक्त झालेल्या जुन्या इंग्रजी पुस्तकांची स्वयंसेवकांनी केलेली ध्वनिमुद्रणं लिब्रिवॉक्सवर फुकट मिळतात. स्टोरीटेलवर मराठी पुस्तकंही आहेत. घरात वाचणारं नातवंड असेल, तर त्याच्या हाती भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. पहिल्या जोडीसाठी माझी निवड मात्र ठरलेली आहे : स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’. १८८३ साली पुस्तकरूपात आलेली ही कादंबरी आधी एका मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः छापली गेली होती. त्यामुळे प्रत्येक प्रकरण पुढच्याची ओढ लावूनच थांबतं, आणि ती ओढच हात चालता ठेवते. शिवाय तिचे सहा भाग आहेत. तीन पहिल्या मोज्याला, तीन दुसऱ्याला. सफरचंदांच्या पिंपात लपलेला जिम चाच्यांचा कट ऐकतो, तो प्रसंग दुसऱ्या भागाच्या शेवटी येतो. तो नळी विणताना ऐका. त्या वेळी हातात टाच असेल, तर बाजूला ठेवा.

आता टाच. त्यातला पहिला टप्पा सोपा आहे. ३२ टाके एका सुईवर घ्या, उरलेले ३२ तसेच थांबू द्या. या ३२ टाक्यांवर ३२ ओळी सपाट विणायच्या. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलायचा. सुलट बाजूने एक टाका उचलून पुढचा विणत गेलात, तर कापड जाड होतं आणि टाच टिकते. एवढ्याला संवादप्रधान मालिका चालेल.

पण टाच वळवताना सगळं बंद करा. पहिला टाका उचला, १७ सुलट विणा, दोन एकत्र, आणखी एक सुलट, आणि ओळ पूर्ण न करता काम फिरवा. आता पहिला उचला, ५ उलट, दोन एकत्र, एक उलट, पुन्हा फिरवा. इथून पुढे फिरवलेल्या जागी एक फट दिसते. प्रत्येक ओळीत पहिला टाका उचलायचा, फटीच्या अलीकडे एक टाका राहीपर्यंत विणायचं, फटीच्या दोन्ही बाजूंचे टाके एकत्र करायचे, एक विणायचा आणि फिरायचं. शेवटच्या दोन ओळींत एकत्र केल्यानंतर विणायला टाका उरत नाही. ते बरोबरच आहे. एकूण १४ ओळी झाल्या की सुईवर १८ टाके राहतात आणि सपाट कापडाला वाटीसारखा खोलगट आकार आलेला असतो. विणकामात इतकं समाधान देणारी जागा मला दुसरी माहीत नाही. ती गोष्टीच्या नादात निसटू देऊ नका.

टाचेच्या दोन्ही कडांवरून १६-१६ टाके उचलले की एकूण ८२ होतात. एक फेरी साधी, तर दुसऱ्या फेरीत पावलाच्या वरच्या ३२ टाक्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी, असं करत पुन्हा ६४ वर या. फेऱ्या कागदावर मांडा. प्रकरणांवरून मोजू नका, कारण रंगलेल्या प्रकरणात हात भराभर चालतो आणि दुसरा मोजा आखूड होतो.

मालिकांच्या बाबतीत एकच कसोटी : डोळे मिटूनही कळते का? ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ कळते. अमेरिकेतली २००७ ची ‘पुशिंग डेझीज’ तर या कामासाठी उत्तम, कारण तिच्यातली बरीचशी गोष्ट निवेदक सांगत असतो. मेलेल्यांना स्पर्शाने जिवंत करणारा, ‘पाय’ (pie) हा भाजलेला पदार्थ बनवणारा तरुण तिचा नायक, आणि त्याचा भागीदार असलेला धिप्पाड खासगी गुप्तहेर मन शांत करायला चक्क विणकाम करतो. अवघे २२ भाग आहेत. ‘ट्विन पीक्स’ मात्र सुया खाली ठेवूनच पाहावी. तिची निम्मी गोष्ट चित्रांत आहे. सबटायटल वाचून पाहायच्या कोरियन मालिकाही न बघता विणता येईपर्यंत नकोत.

६४ वर आल्यानंतर पाऊल सलग सुलट विणत जा आणि पावलाच्या लांबीला ५ सेंटिमीटर कमी असताना पंज्याचं टोक सुरू करा. एकाआड एक फेरीत चार टाके कमी करत ३२ वर, मग प्रत्येक फेरीत कमी करत १६ वर. हे १६ टाके आठ-आठ समोरासमोर ठेवून बोथट सुईने जोडायचे. इथेही शांतता हवी.

धाग्याची टोकं आत लपवून झाली, की त्याच बैठकीत दुसऱ्या मोज्याचे ६४ टाके घाला. ते सुईवर चढल्याशिवाय ‘ट्रेझर आयलंड’चा चौथा भाग लावू नका.