वादळाचे दिवस, सामन्यांचे दिवस

दसऱ्याचे सोने लुटून झाले, की महाराष्ट्रातील बहुतेक खेड्यांत शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो. पावसाळा सरलेला असतो, ज्वारीची पेरणी उरकत आलेली असते आणि पहाटेच्या गारव्यातून थंडीची चाहूल लागू लागते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात मात्र घोर लागतो तो नेमका याच दिवसांत.

हा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. येथील माणसाने पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे पाहिले, ते पाऊस यावा म्हणून. पुढे विहिरी खोदल्या गेल्या, ताकारी व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी उंचावर चढवून आणले, आणि माळरानावर द्राक्षांचे मांडव उभे राहिले. ‘तास-ए-गणेश’ हे द्राक्षाचे प्रसिद्ध वाण याच तालुक्यातील बोरगावचे. त्याच्या नावातील ‘तास’ तासगावचा. येथील बेदाण्याचे सौदे नावाजलेले आहेत, आणि सांगलीच्या बेदाण्यास २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु द्राक्षाची वेल मोठी मानी. तिला पाणी मुळाशी हवे, डोक्यावर नको. ज्या पावसासाठी आजोबांनी नवस केले, तोच अवेळी आला तर नातवाची झोप उडते.

द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधील ती खरड छाटणी. तिने काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील ती फळछाटणी. तिच्यावर वर्षाचे उत्पन्न अवलंबून असते. फळछाटणी झाली की बाग उघडीबोडकी दिसते. मग डोळे फुगतात, पोंगा बाहेर पडतो, कोवळ्या पानाआड मिरीएवढ्या कळ्यांचा घड दिसू लागतो आणि सुमारे चाळीस दिवसांनी फुलोरा येतो. या नाजूक अवस्थेत दोन दिवस आभाळ झाकळून राहिले आणि पाने ओली राहिली, तर दावण्या नावाचा रोग पानांवरून घडात उतरतो. पाणी साचून घड कुजतात, मणी गळतात. द्राक्षाचे पीक वर्षातून एकदाच यावयाचे. गेलेला घड पुन्हा लागत नाही.

हे अवेळी ढग येतात कोठून? पुष्कळदा ते समुद्रावरील वादळाबरोबर येतात. भारताच्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांत चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात. एक मोसमी पावसापूर्वी, एप्रिल ते जून. दुसरा पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर. तापलेल्या पाण्याची वाफ वर चढते, तिचे ढग होतात, ढग होताना उष्णता मोकळी होते, आणि त्या उष्णतेच्या बळावर वारा कमी दाबाच्या केंद्राभोवती गरगरू लागतो. तासगाव समुद्रापासून सव्वाशे किलोमीटरांहून दूर. मध्ये सह्याद्री आडवा. तेव्हा वादळाचा वारा येथवर सहसा पोहोचत नाही. पोहोचते ते त्याचे बाष्प, आणि द्राक्षबागेला तेवढे पुरते.

११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आदळले. २०१९ हे वर्ष तर सांगली जिल्हा कधी विसरणार नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांच्या वर चढले. तेथील धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची आहे. नदीकाठ त्या पुरातून सावरतो न सावरतो तोच ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि त्याच्या पाठोपाठ ‘महा’ अशी दोन वादळे उठली. दोन्हींपैकी एकही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आले नाही. तरीही परतीचा पाऊस लांबला, आणि ऐन पोंग्यात व फुलोऱ्यात असलेल्या बागा भिजून गेल्या. दिवाळीच्या पणत्या लागल्या होत्या, आणि बागांतून फवारणीचे ट्रॅक्टर फिरत होते.

याच दिवसांत येथील तरुणांच्या मनात आणखी एक गोष्ट घोळत असते. ती म्हणजे कबड्डी.

कोल्हापुरात १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. त्यांचे आपापसांतील सामने पावसाळ्याचा जोर ओसरला की रंगू लागतात. आधी एका विभागातील महाविद्यालयांचे, मग विभागाविभागांचे. संघ महाविद्यालयाचा असला तरी त्यातील खेळाडू गावोगावचे असतात, आणि म्हणून सामन्याला गावेच्या गावे लोटतात. कबड्डीला पूर्वी हुतूतू म्हणत. त्या काळी खेळलेले म्हातारे फेटा सावरीत पुढे येऊन बसतात आणि नव्या नियमांना नाके मुरडीत असतानाच सर्वांत मोठ्याने ओरडतात. तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा मैदानावर दोन्हीकडे सात-सात गडी, आणि एका चढाईला अवघे तीस सेकंद. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळाला स्थान मिळाले आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. तरी त्याची खरी लज्जत कळते ती फक्कीने आखलेल्या मातीच्या मैदानाशेजारी उभे राहूनच.

मराठीत शेतावर राबणाऱ्यालाही गडी म्हणतात आणि खेळात उतरणाऱ्यालाही गडीच म्हणतात. तासगावच्या बाजूला हे दोघे पुष्कळदा एकच असतात.

वादळ आणि सामना यांची अशी गाठ दूर देशीही पडते. अमेरिकेच्या आग्नेय भागात चक्रीवादळाला ‘हरिकेन’ म्हणतात. तेथे हरिकेनचा हंगाम जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत मानतात, आणि महाविद्यालयांच्या फुटबॉलचे सामने पावसापाण्याच्या त्याच काळात सुरू होतात. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. त्यात लांबट चेंडू हातात घेऊन धावतात. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना हे वादळ न्यू ऑर्लिन्स शहराजवळ आदळले, बांध फुटले आणि बहुतेक शहर पाण्याखाली गेले. तेथील टुलेन विद्यापीठ काही महिने बंद राहिले. त्याच्या फुटबॉल संघाला घरचे मैदानच उरले नाही. त्या हंगामातील अकरा सामने तो अकरा निरनिराळ्या मैदानांवर खेळला. त्यांतले जिंकले फक्त दोन. पण घरे सोडून परगावी आसऱ्याला गेलेल्या लोकांना आपल्या शहराचे नाव ऐकू येत राहिले ते त्या संघामुळे.

तासगाव तालुक्यातील एखाद्या बागायतदाराच्या घरी या दिवसांत काय चालते, ते पाहण्यासारखे असते. बाग फुलोऱ्यात आली आहे. रात्रीच्या बातम्यांत समुद्रावर कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याचे सांगितले आहे. सकाळी उठून पाहावे तो पश्चिमेकडून राखी ढग सरकत आहेत. थोरला मुलगा महाविद्यालयाच्या संघात चढाई करणारा, आणि आजच विभागाचा उपांत्य सामना. तो पायांत बूट न घालताच ओसरीवर घुटमळतो.

“आबा, मी राहू का? औषध मारायला एक माणूस कमी पडेल.”

“जा तू,” वडील म्हणतात. “ढगाला काय तू धरणार आहेस? धरायचं तर समोरच्या गड्याला धर.”

आई काही बोलत नाही. ती शिदोरीत एक भाकरी जास्त बांधते.

दुपारी सामना सुरू होतो. कडेला उभे असलेले निम्मे लोक बागायतदारच. त्यांचा एक डोळा मैदानावर आणि एक आभाळावर. मध्यंतरापर्यंत दोन्ही संघ बरोबरीत असतात. उत्तरार्धात वारा सुटतो, फक्कीची रेघ पुसट होते, पंच ती पुन्हा आखून घेतात. मुलगा मध्यरेषा ओलांडतो. “कबड्डी, कबड्डी” हा त्याचा दम कडेच्या गलक्यात बुडून जातो. “पाय काढ! पाय काढ!” शेजारच्या गावचा कोणी ओरडतो, त्याच्याही बागेत आज फुलोरा आहे. पहिले टपोरे थेंब मातीवर पडतात. एकही माणूस हलत नाही. येथून धावत सुटून पाऊस थांबणार नसतो, हे त्यांच्याइतके चांगले कोणास ठाऊक असणार? आणि आपण ओरडलो तर निदान त्या पोराचा दम दोन क्षण अधिक टिकेल, असे त्यांना वाटते.

सामना दोन गुणांनी हातचा जातो.

पाऊस तासभर कोसळून उघडतो. मुलगा अंधार पडल्यावर घरी येतो तेव्हा वडील बागेतच असतात. थोड्या वेळाने बांधावर मोटारसायकलींचे दिवे दिसतात. संघातील पाच-सहाजण आले आहेत. गुडघ्यांवरचा चिखलही त्यांनी धुतलेला नाही. ओल्या पानांवर फवारा टिकत नाही, म्हणून आधी वेली हलवून घडांतले पाणी झाडावे लागते आणि मग औषधी भुकटीची धुरळणी करावी लागते. हे काम एका माणसाचे नव्हे. मुले ओळी वाटून घेतात. एक जण तारा हलवतो, दुसरा दिवा धरतो, तिसरा नाकातोंडाला फडके बांधून मागून भुकटी मारीत येतो. मधूनच कोणी दुपारच्या फसलेल्या पकडीवरून वाद काढतो आणि मांडवाखाली हशा पिकतो. आई चहाची किटली घेऊन बांधापर्यंत येते आणि उरलेल्या ओळी मोजते.

पहाटे शेवटची ओळ संपते. या बागेतील मुले शेजारच्या बागेकडे निघतात. तेथे धुरळणी अजून निम्मीच झालेली असते. पूर्वेकडे किंचित उजाडते, आणि आभाळ अद्याप तसेच भरलेले असते.