माळवदावर यंदा आणखी माती टाकण्याआधी: वजनाचा आणि खर्चाचा हिशोब

आज विषय धंद्याचा कमी आणि घराचा जास्त वाटेल, पण खर्ड्यासारख्या गावात या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. पेठेतली बरीच दुकानं म्हणजे घराचीच पुढची खोली. पुढे गल्ला, मध्ये मालाची खोली, मागे चूल. वर छत एकच. ते गळलं की आधी साखरेचे कट्टे भिजतात, मग अंथरुणं.

खर्डा म्हटलं की बाहेरच्या माणसाला १७९५ ची लढाई आणि भुईकोट किल्ला आठवतो. गावातल्या माणसाला मे महिन्यात आठवतं ते माळवद. जामखेड तालुका, शेजारचा बीड, पलीकडचा धाराशिव, या सगळ्या पट्ट्यात दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, तुळया, त्यावर कड्या, फळ्या किंवा किलच, त्यावर पाला-काटक्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर, अशी घरं अजून वापरात आहेत. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. पाऊस या भागात मुळात कमी, त्यामुळे मातीचं छत चालून जातं. पण पडतो तेव्हा तासाभरात धो धो पडतो, आणि मग गळती सुरू.

गळतीवरचा जुना उपाय सगळ्यांना माहीत आहे: मृगाच्या आधी वर जायचं, चार पाट्या पांढरी माती पसरायची, चोपायची, झालं. खर्च जवळपास शून्य. म्हणूनच या उपायाचा खर्च कोणी मोजत नाही. आपण मोजू. व्हिडिओत हा हिशोब पटकन उरकला होता, इथे सावकाश करू, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

एक इंच माती म्हणजे किती?

खोली धरा १० बाय १२ फूट, म्हणजे १२० चौरस फूट. त्यावर एक इंच माती म्हणजे १२० भागिले १२, बरोबर १० घनफूट. घट्ट बसलेली माती घनफुटाला साधारण ४५ किलो भरते. म्हणजे एका इंचाचे ४५० किलो. दुकानदाराच्या भाषेत ५० किलोचे नऊ कट्टे. हे कोरड्या मातीचं वजन. पाणी प्यायली की इंचामागे आणखी पन्नास-शंभर किलो वाढतात, आणि ते नेमके पावसात, जेव्हा खालची भिंतही ओली असते.

आता दरवर्षी एक इंच टाकला तर दहा वर्षांत नव्वद कट्टे. तुमच्या मालाच्या खोलीत पोटमाळा असेल तर त्यावर नव्वद कट्टे साखर रचाल का? सुतार हात जोडेल. पण तेच वजन आपण हळूहळू, पाटीपाटीनं, आजोबांनी बसवलेल्या तुळयांवर चढवतो. जुन्या माळवदांवर थर दीड-दोन फुटांपर्यंत गेलेला असतो. दीड फूट म्हणजे याच खोलीवर आठ टन. दोन फूट म्हणजे जवळपास अकरा.

याचा परिणाम काय होतो ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दिसलं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली, त्यातली बहुतेक स्वतःच्या घराच्या दगड-मातीखाली. भिंती दोन फूट आणि त्याहून जाड होत्या, पण आतून दोन पदरांच्या: बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मध्ये भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नव्हता. हादरा बसला, पदर सुटले आणि वरचे कित्येक टन खाली आले. जिथे खांब-तुळयांचा सांगाडा पक्का होता, तिथे भिंत पडूनही बऱ्याच ठिकाणी छत उभं राहिलं.

त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य सरकारनं पुनर्वसनाचं काम काढलं. त्यातला एक भाग फारसा बोलला जात नाही. जी गावं पूर्ण उद्ध्वस्त झाली नव्हती, तिथे घरमालकांनी स्वतः उभं राहून आपापली घरं दुरुस्त आणि मजबूत केली. सरकारकडून मदत आणि तांत्रिक मार्गदर्शन, काम मालकाचं. अशी लाखाहून जास्त घरं झाली. त्यात माळवदासाठी शिकवलेल्या गोष्टी साध्या होत्या: छतावरची माती कमी करा, मातीच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा कागद घाला, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरकी लाकडं मारा, भिंतीत आरपार जोड द्या. पहिल्या दोन गोष्टी आजही आपण घरी करू शकतो. तिसरीला सुतार लागतो. चौथी माहितगार इंजिनिअरशिवाय करायचीच नाही, कारण त्यासाठी उभ्या भिंतीत भोकं पाडावी लागतात.

आधी खालून बघा, मग वर चढा

वर जायच्या आधी एक पूर्ण दिवस घरातच द्या. डिसमिस घ्या आणि प्रत्येक तुळईची दोन्ही टोकं, विशेषतः भिंतीत शिरणारी, टोचून बघा. डिसमिस सहज आत गेला किंवा ठोकल्यावर पोचट आवाज आला, तर लाकूड वाळवीनं किंवा ओलीनं खाल्लेलं आहे. अशा तुळईखाली आधी टेकू, मग बाकी सगळं. टेकूखाली फळी ठेवा, नाहीतर तो जमिनीत रुतून निरुपयोगी होतो.

मग ओळंबा. भिंतीच्या वरच्या कडेपासून सोडा आणि दोरीपासून भिंतीचं अंतर वर, मध्ये, खाली मोजा. मधोमध भिंत बाहेर आली असेल, ज्याला आपल्याकडे पोट सुटणं म्हणतात, तर तिथे थांबा. ही घरची दुरुस्ती राहिलेली नाही. माणसं आणि माल त्या खोलीतून हलवा आणि इंजिनिअरला बोलवा. तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहा. महिन्यानं तडा रेघेपुढे गेला असेल तर तीच सूचना.

गळतीची जागा शोधताना घाई नको. छतावर दिसणारा खड्डा आणि खोलीत पडणारा थेंब यांत पाच-सहा फुटांचं अंतर असू शकतं, कारण पाणी फळीवरून वाहत जाऊन फट मिळेल तिथे टपकतं. एकानं वर तांब्या-तांब्यानं पाणी ओतायचं (बादली उपडी करायची नाही), दुसऱ्यानं खाली बॅटरी घेऊन बघायचं. सुरुवात ढाळाच्या खालच्या बाजूनं करा आणि वर सरकत जा. बहुतेक वेळा चोर पाच जागी सापडतो: पन्हळीच्या तोंडाशी, कठडा आणि माती यांच्या सांध्यात, साण्याच्या कडेला, उंदीर-मुंग्यांच्या बिळात, आणि डिश बसवायला कोणीतरी रोवलेल्या पाइपाशी. गळती एवढीच असेल, थर वीतभरच असेल आणि लाकूड ठणठणीत असेल, तर सगळं माळवद उकरायची गरज नाही. तेवढीच जागा उकरा, भिजवलेली माती घट्ट भरा, पन्हळ थोडी खाली घ्या आणि दुकान उघडा. आजचा धडा तुमच्यासाठी इथे संपला.

थर जाड असेल तर

आपली १० बाय १२ ची खोली आणि दीड फूट माती धरू. चार इंच माती जागेवर ठेवायची, त्यावर कागद, त्यावर पुन्हा चार-पाच इंच. एकूण साधारण वीतभर. म्हणजे १४ इंच माती उतरवायची आणि पाच इंच परत चढवायची. एका घमेल्यात १८ किलो धरले तर साडेतीनशे घमेली खाली आणि सव्वाशे वर. तीन माणसांचं तीन-चार दिवसांचं काम. हा आकडा बघूनच ठरवा की घरच्या घरी करायचं की दोन गडी लावायचे.

उकरताना दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. एक, माती छतावर ढीग करून ठेवायची नाही. पसरलेली माती सगळ्या तुळयांवर वाटली जाते, ढीग एकाच तुळईवर बसतो. फावड्यानं भरलं की लगेच खाली. दोन, एका कोपऱ्यात खोलवर उकरत जायचं नाही. सगळीकडून दोन-तीन इंच, मग पुन्हा सगळीकडून दोन-तीन इंच. काम चालू असताना खालच्या खोलीत कोणी बसायचं नाही, पोरं तर अजिबात नाहीत. आणि वळवाचा भरवसा नाही, त्यामुळे एका वेळी एकच खोली उघडा आणि रोज संध्याकाळी ताडपत्री टाकून कडेला दगड ठेवा.

राहिलेल्या चार इंचाला ढाळ द्या. पाणसळ नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घ्या. १२ फुटांना तीन इंच उतार पुरतो. त्याहून जास्त दिला तर वरची माती वाहून जाते. खडे, मुळ्या, काचा वेचून काढा, नाहीतर कागद पहिल्याच वर्षी फुटेल.

कागद म्हणजे आपला शेततळ्याचाच. जिल्ह्यात शेततळी भरपूर, अस्तरीकरणाचे उरलेले तुकडे मिळतात, विचारून बघा. पण तुकडा एकसंध घ्या, १२ बाय १४ चा, म्हणजे चारही बाजूंनी फूटभर वर वळवता येईल. जोड द्यावाच लागला तर वरच्या अंगाचा कागद खालच्या अंगाच्या कागदावर फूटभर चढवा, कौलं चढवतो तसा. कठड्याच्या सांध्यात खाच पाडून कड आत दाबा आणि वरून माती लिंपा. पन्हळीच्या तोंडात कागदाची जीभ आत सोडा. मग वरची माती, हलकं पाणी, आणि चोपणी. धुम्मस जोरात मारू नका, खाली जुनं लाकूड आहे. कागद उघडा ठेवायचा नाही. उन्हानं तो तडकतो.

खाली आलेली माती भिंतीला लागून टाकू नका. अंगणाची पातळी वाढली की जोत्याला ओल धरते आणि दोन वर्षांत भिंतीला लोणा लागतो. ही पांढरी माती शेतकरी खत म्हणून नेतात. आधी सांगून ठेवलं तर ट्रॅक्टर त्यांचा येतो आणि तुमचा वाहतूक खर्च वाचतो.

भिंतीबद्दल थोडक्यात. बाहेरच्या दर्जा उघड्या पडल्या असतील तर सैल माती इंचभर खरवडून, पाणी मारून, एक भाग चुना आणि तीन भाग वाळूनं भरा. मातीत बांधलेल्या भिंतीवर पूर्ण सिमेंटचा गिलावा मला पटत नाही. बाहेरून छान दिसतो, पण आतली ओल कोंडते आणि भिंत आतल्या आत पोकळ होत जाते.

खर्चाची वही

स्वतः केलं म्हणजे फुकट झालं, हा हिशोब मला मान्य नाही. वहीचं एक पान घ्या. डाव्या बाजूला कागद, चुना, वाळू, टेकूची लाकडं, गड्यांची मजुरी. त्याखाली तुमचे स्वतःचे दिवस. दुकानाचा रोजचा निव्वळ नफा गुणिले जितके दिवस तुम्ही छतावर होता. विक्री नाही, नफा. बाजाराच्या दिवशी तो किती असतो हे तुम्हाला माहीत आहे, तो दिवस सोडूनच काम ठेवा. उजव्या बाजूला मागच्या तीन पावसाळ्यांत भिजून टाकलेला माल, उधारीच्या वहीची फाटलेली पानं धरून, आणि दरवर्षीच्या मातीची मजुरी.

बऱ्याच जणांना दिसेल की माती उतरवायला गडी लावून स्वतः गल्ल्यावर बसणं स्वस्त पडतं. पण ढाळ काढणं, कागद घालणं आणि पन्हळीचं तोंड, ही तीन कामं सुरू असताना मालकानं वर असलंच पाहिजे. मिळून एक दिवस. गड्याला घाई असते आणि कागद एकदा मातीखाली गेला की काय केलं ते कोणाला दिसत नाही.

स्लॅबचं घर असलेल्यांनी डिसमिसऐवजी हातोडीची दांडी घ्या आणि खालून स्लॅब ठोकत जा. पोकळ आवाज येत असेल किंवा गंजलेली सळई दिसत असेल, तर वरून वॉटरप्रूफिंगचे डबे ओतण्यात अर्थ नाही. ते काम जाणकाराचं. सळई झाकलेली आणि आवाज भरीव असेल, तर आधी गच्चीवर पाणी साचतं कुठे ते बघा. त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.

काम रोहिणी निघायच्या आत उरका, म्हणजे मृगाआधी माती बसायला दहा-बारा दिवस मिळतात. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि पन्हळीकडे बघा. २५ मिलिमीटर पाऊस झाला तर या एका खोलीवर पावणेतीनशे लिटर पाणी पडतं. त्यातलं बहुतेक पन्हळीतून येताना दिसलं पाहिजे. धार बारीक असेल तर पाणी कुठेतरी थांबलंय. उघडीप मिळाली की त्याच दिवशी वर जा. कागद न फाडता, वरच्या मातीला हातानं ढाळ द्या.