ज्याची बॅट, त्याची बॅटिंग?

काल रात्री साडेअकराला तुझा फोन वाजला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं, होस्टेलवर काय झालं आता! निघालं ते एवढंच, की टेक्कन 8 या मारामारीच्या गेममध्ये एडी नावाचं कॅरेक्टर घेतलेल्या एकाच खेळाडूकडून बाईसाहेब सलग पाच मॅच हरल्या होत्या. "ताई, पैसे टाकून जिंकतात गं हे लोक. मलापण घेऊन दे ना एडी!" तक्रार आणि मागणी, दोन्ही एका दमात. मी झोपेत 'बघू' म्हणून ठेवून दिला. आता नीट बोलते.

अगं, तुझ्या त्या एडी गोर्डोला मी तुझ्या जन्माआधीपासून ओळखते. शाळेमागच्या गल्लीत गेम पार्लर होतं, तासाला दहा रुपये. एक प्लेस्टेशन, रबर झिजलेले दोन कंट्रोलर आणि टेक्कन 3 ची कुठून तरी कॉपी केलेली सीडी. एडी त्यात पहिल्यापासून असायचा. हातांवर उभा राहून लाथा मारणारा तो ब्राझीलचा माणूस. लाथेची दोन बटणं नुसती बडवत सुटलं तरी समोरचा आडवा व्हायचा. म्हणून आमच्याकडे कायदाच होता: एडी घ्यायचा नाही. घेतलास तर पुढचा तास तुझ्या पैशानं. हेइहाचीची गोष्ट वेगळी. तो म्हातारा लपलेला असायचा. एकेका कॅरेक्टरनं गेम संपवत जायचं, मग कधीतरी तो उघडायचा. ज्या दिवशी उघडला, त्या दिवशी मी घरी उशिरा गेले आणि आईचा मार खाल्ला.

आता बघ. जानेवारी 2024 मध्ये टेक्कन 8 आला तो बत्तीस कॅरेक्टर घेऊन. एडी त्यात नव्हता. एप्रिलमध्ये आला, वेगळ्या पैशांत. ऑक्टोबरमध्ये हेइहाची, तोही वेगळ्या पैशांत. पूर्वी जो खेळून मिळायचा, तो आता विकत घ्यायचा. मला याचा राग येतो, खोटं कशाला बोलू? पण हा राग आठवणींचा आहे. यानं मॅच अन्यायाची ठरते का, हा प्रश्न वेगळा. तू दोन्हींची गल्लत करते आहेस.

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, हे आपण मुकाट्यानं मानलंच की. कुणाकडे इंग्लिश विलो, कुणाकडे धुणं बडवायचं धोपाटणं. पण बॅट महागडी असली तरी एक आऊट म्हणजे आऊट. भांडण कधी व्हायचं? बॅटवाला आऊट होऊनही बॅट सोडायचा नाही तेव्हा.

तसं एकदा झालंय. डिसेंबर 2019 मध्ये टेक्कन 7 मध्ये लीरॉय स्मिथ आला, पैसे भरून घ्यायचा. इतका तगडा, की पुढच्याच महिन्यात जपानमधल्या एव्हो स्पर्धेत शेवटच्या आठांतल्या सहा जणांनी तोच वापरला. जिंकला थायलंडचा बुक, तोही लीरॉय घेऊनच. नंतर कंपनीनं पॅच काढून लीरॉयची ताकद उतरवली. पण तोवर ज्यांनी विकत घ्यायचं त्यांनी घेतलं होतं. मुद्दाम केलं की चुकून झालं, ते कंपनीला ठाऊक. विकायचा माल नवा असताना जरा जास्तच धारदार निघतो, हे मात्र मला खटकतं. याला मी अन्याय म्हणेन.

तुझ्यासारख्याच हरणाऱ्यांना मी नेहमी दुसऱ्या बाजूची दोन नावं सांगते. कोरियाचा रँगचू 2018 च्या टेक्कन वर्ल्ड टूरच्या फायनलमध्ये पांडा घेऊन उतरला. पांडा! ज्याला सगळे थट्टेवारी नेतात तो, कुठलेही वेगळे पैसे न भरता मिळणारा. आणि जिंकून गेला. लाहोरच्या अर्सलान ॲशनं 2019 मध्ये जपान आणि अमेरिका, दोन्हीकडच्या एव्हो जिंकल्या. अमेरिकेच्या फायनलला त्याच्या हातात काझुमी होती, तीही मूळ गेममधलीच. लाहोरमधल्या खेळण्याचा कस किती उंच आहे, हे जगाला तेव्हा कळलं.

माझी खरी तक्रार आणखी निराळी आहे. नवं कॅरेक्टर तुझ्याकडे नसणं चालेल. त्याच्याविरुद्ध सराव करता न येणं चालणार नाही. टेक्कन 7 मध्ये विकत न घेतलेलं कॅरेक्टर प्रॅक्टिस मोडमध्ये समोर उभं करता यायचं नाही. वर फ्रेम डेटा, म्हणजे कुठली चाल सेकंदाच्या किती साठाव्या भागात लागते आणि अडवल्यावर मारणारा किती वेळ अडकून राहतो याचा हिशेब, तोसुद्धा वेगळा विकला! पत्त्यांचे नियम लिहिलेला कागद विकत घ्यायला लावल्यासारखं झालं हे. टेक्कन 8 मध्ये तो हिशेब फुकट आहे, तेवढी सुधारणा झाली. समोरच्याला अभ्यासायचा हक्क प्रत्येकाला हवा. वापरायचा हक्क विका खुशाल, त्यातूनच नवी कॅरेक्टरं बनवणाऱ्यांचे पगार निघतात.

आता तुझ्या पाच मॅच. तू एक व्हिडिओ पाठवलास, तो मी सकाळी चहा पिताना तीनदा पाहिला. अगं, तो एडी खाली बसून पायात लाथ मारतोय, आणि तू दर वेळी उभी राहून ब्लॉक करते आहेस! सात वेळा तीच लाथ. मी मोजली. यात पैशांचा काय संबंध? असल्या एडीला आमच्या पार्लरमधल्या शेंबड्या पोरांनीही तिसऱ्या वेळी खाली बसून अडवला असता.

एडी मनापासून आवडला असेल, त्या गिरक्या आवडत असतील, तर पुढच्या महिन्यात तुझ्या खर्चाच्या पैशांतून घे, मी अडवणार नाही. पण हरल्याच्या रागात रात्री साडेअकराला काहीही विकत घेऊ नकोस. गेम असो की कुर्ता. जिंकण्यासाठी घेतलेलं कॅरेक्टर पुढच्या पॅचला लुळं पडतं आणि पैसे परत मिळत नाहीत.

जीपेवर तू टाकलेली रिक्वेस्ट मी नाकारली आहे, रागावू नकोस. आज रात्री रिप्ले उघड. टेक्कन 8 मध्ये रिप्ले मध्येच थांबवून आपलं कॅरेक्टर स्वतः चालवून बघता येतं. ती लाथ येईल तिथे बस आणि उलटून मार. दहादा जमलं की मला फोन कर, पण साडेदहाच्या आत.