बांधावरचा माका

रविवारी वेदीजवळच्या फुलदाणीत आपण अ‍ॅस्टरची फुले ठेवतो. त्याच कुळातला एक गरीब भाऊबंद भाताच्या ओल्या बांधावर आपोआप उगवतो, तो माका. शास्त्रीय नाव एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. फूल जेमतेम शर्टाच्या बटणाएवढे. बेणणीच्या वेळी बायका तो गवताबरोबर उपटून फेकतात, आणि त्यांचे चुकत नाही. भातात माका हे तणच. पण हाच माका सुकवला की औषधी वनस्पतींचे व्यापारी विकत घेतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात कातकरी वाड्यांवर घरातले दाणे संपत येतात आणि वीटभट्टीची उचल घेण्याची वेळ येते. माका फुलावर असतो तो नेमका याच दिवसांत. चार पैसे स्वतःचे हाती आले तर उचल तेवढी कमी घ्यावी लागते, म्हणून या अंकात माक्याची लागवड.

आधी ओळख पक्की करा. आमचे पहिले पोते व्यापाऱ्याने परत केले, कारण त्यात एकदांडी मिसळली होती. एकदांडीच्या फुलाचा मधला भाग पिवळा असतो, फूल लांब उघड्या दांड्यावर उभे असते आणि बी पिसांवर उडते. माक्याचे फूल सगळेच पांढरट, पानाच्या बगलेतून आलेले. बीला पिसे नसतात. पाने समोरासमोर, लांबट, हाताला खरखरीत. पिवळा माका ही वेगळी वनस्पती आहे आणि बागेत जमिनीवर पसरणारी पिवळ्या फुलांची वेडेलिया आणखी वेगळी. शंका असेल तर वाडीवरच्या आजींची परीक्षा करा: पान तळहातावर चुरडा आणि थोडे थांबा. रस निळसर काळा पडला तर माका.

जागा ओलीच हवी, पण स्वच्छ. माका दूषित जमिनीतले जड धातू शोषून घेतो, त्यामुळे गटाराकाठी किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेला माका कितीही तरारलेला दिसला तरी घेऊ नये. विहिरीच्या पन्हाळीखालची, हातपंपाजवळची किंवा खाचराच्या कडेची जागा उत्तम. ऊन भरपूर लागते.

बी पेरताना पहिल्या वर्षी मीच घोटाळा केला. मेथीसारखे मातीखाली झाकले आणि पंधरा दिवस वाफ्याकडे बघत बसलो. हे बी उजेडाशिवाय रुजत नाही. ओल्या वाफ्यावर बी नुसते भुरभुरावे, हाताने हलके दाबावे आणि झारीने पाणी द्यावे. त्याहून सोपे म्हणजे फांदी. जमिनीला टेकलेल्या पेरांना आपोआप मुळ्या फुटतात. तशी दोन-तीन पेरांची कांडी तोडून वीतभर अंतरावर चिखलात खोचली की लागते. कुजलेले शेणखत एकदा पुरे. नंतर काम राहते ते ओल टिकवण्याचे आणि गवत काढण्याचे.

फुले भरात आली की कापणी. बोंडे काळी पडेपर्यंत थांबू नका. बी गळले की पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या खाचरात माका, आणि मग भांडण. जमिनीपासून चार बोटे ठेवून कापल्यास ओल असेपर्यंत पुन्हा फूट येते. कापलेला माका धुऊन सावलीत, वारा लागेल असा पातळ पसरावा. ढीग केला की वाफ धरतो, बुरशी येते आणि माल नाकारला जातो. पावसाळी हवेत हीच सर्वांत अवघड पायरी आहे. बांबूच्या ताट्या छपराखाली एकावर एक टांगल्या की बरेच जमते. ओल्या मालातले बहुतेक वजन पाण्याचे असते, हे बायकांना आधीच सांगावे. नाहीतर सुकल्यावर वजनात फसवले असे वाटते.

काविळीत माक्याचा रस देण्याची जुनी रीत आहे. त्यावर विसंबू नका. डोळे पिवळे दिसले की आधी दवाखाना.

शहरातल्या वाचकांनी एक कांडी कुंडीत लावून पाहावी. खाली बशीत पाणी साचले तरी चालते. पाने पुरेशी झाली की त्यांचा रस काढून खोबरेल तेलात मंद आचेवर उकळावा. तडतड थांबली म्हणजे पाणी आटले. मग उतरवून गाळावे.