मॅन्युअलचे पान आणि त्यावरील तारीख

संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गातील शिक्षकाइतकाच मॅन्युअलचा आधार असतो. निवासी शाळेत तर हा आधार अधिक मोलाचा ठरतो. कारण अभ्यासिकेच्या वेळी प्रत्येकाच्या वाट्याला संगणक येत नाही, छापील पान मात्र येते. परंतु ते पान जुने झाले असेल तर काय घडते, हे आम्ही आमच्याच संगणक कक्षात पाहिले आहे. नेटवर्कचा पत्ता पाहण्यासाठी जुन्या टिपणात 'आयएफकॉन्फिग' ही कमांड दिली होती. विद्यार्थ्याने ती टंकली, तेव्हा 'अशी कमांड नाही' असे उत्तर आले. आपलेच काही चुकले असावे, या समजुतीने तो बराच वेळ अक्षरे तपासत राहिला. वस्तुतः 2017 साली आलेल्या डेबियनच्या नवव्या आवृत्तीपासून ती कमांड नव्या संगणकावर आपोआप बसवली जात नाही. तिचे काम 'आयपी' ही कमांड करते. चूक कागदाची होती, दोष मात्र मुलाने स्वतःकडे घेतला.

ऑपरेटिंग सिस्टीमची माहिती अद्ययावत कशी ठेवावी, याचा एक उत्तम आदर्श युनिक्सने घालून दिला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये सिद्ध केलेल्या युनिक्स मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख आहे. पुढे तेथील युनिक्सच्या आवृत्त्याही मॅन्युअलच्या आवृत्तीवरूनच ओळखल्या जाऊ लागल्या. 1979 ची सातवी आवृत्ती विशेष गाजली. प्रत्येक पानावर नाव, वापरण्याची रीत, वर्णन अशी ठरावीक शीर्षके असत आणि त्यांत 'बग्ज', म्हणजे उणिवा, हेही एक शीर्षक असे. आपल्या कामातील उणीव आपल्याच हाताने लिहून ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे.

छपाईचा प्रश्नही तेथेच सुटला. मॅन्युअलचा मजकूर साध्या अक्षरांत लिहून त्यात शीर्षक, परिच्छेद इत्यादींच्या खुणा घालत आणि 'रॉफ' हा प्रोग्राम त्याची मांडणी करी. बेल लॅब्जच्या पेटंट विभागाने आपल्या अर्जांसाठी हीच सोय वापरली. पुढे जो ओसाना यांनी फोटोटाइपसेटिंग यंत्रासाठी 'ट्रॉफ' तयार केला. यातील मर्म असे, की पडद्यासाठी एक आणि कागदासाठी दुसरी, अशा दोन प्रती ठेवायच्या नाहीत. मूळ मजकूर एकच असावा; दुरुस्ती तेथे केली की ती दोन्हीकडे उतरते. आजही लिनक्सवर 'मॅन' कमांडला 'टी' हा पर्याय जोडल्यास तेच पान छपाईयोग्य रूपात मिळते.

ओपनबीएसडी या प्रणालीचे कार्यकर्ते मॅन्युअलमधील चूक ही प्रोग्राममधील चुकीइतकीच गंभीर मानतात. तेथील प्रत्येक पानावर शेवटच्या बदलाची तारीख असते. कारण उघड आहे: प्रोग्राम बदलणाऱ्याने त्याच वेळी पान बदलले नाही, तर 'नंतर करू' म्हणून राहिलेले काम बहुधा राहूनच जाते.

विद्यार्थी मित्रहो, यातून आपण काही सवयी लावून घेऊ या. टिपण छापताना त्यावर तारीख आणि प्रणालीची आवृत्ती लिहावी. समोरच्या संगणकाची आवृत्ती तिच्याशी जुळते का, हे आधी पाहावे. कमांड चालली नाही, तर स्वतःला दोष देण्यापूर्वी त्या संगणकातीलच मॅन्युअल उघडावे. चूक आढळली, तर केवळ आपली प्रत नव्हे, तर मूळ फाइल दुरुस्त करावी आणि भिंतीवरचा जुना कागद उतरवावा.

त्या दिवशी आम्ही ते टिपण बदलले आणि त्याखाली तारीख घातली. पुढील वर्षी त्याच बाकावर बसणाऱ्या मुलाचा वेळ त्यामुळे वाचेल. ही स्मरणिकाही छापील आहे. येथे सांगितलेली कमांड कधी चालेनाशी झाली, तर वाचकांनी आमच्या शब्दापेक्षा आपल्या संगणकातील पानावर विश्वास ठेवावा.