डॅशकॅम हार्डवायरिंगची सेवा: वायर लपवण्याआधी बॅटरीचा हिशेब शिका



या वेळच्या व्हिडिओत आपण गाडीला डॅशकॅम हार्डवायर कसा करायचा ते बघितलं. व्हिडिओत हात कसे चालतात ते दिसतं, पण हिशेब आणि कारणं थांबून वाचावी लागतात. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

ग्राहक पैसे कशाचे देतो?

डॅशकॅम आज कोणीही ऑनलाइन मागवतो. काचेला चिकटवला, चार्जर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये घातला, झालं काम. मग दोन अडचणी येतात. एक, वायर समोर लोंबत राहते. दोन, बहुतेक गाड्यांत चावी काढली की सॉकेट बंद होतं आणि कॅमेराही बंद. रात्री सोसायटीबाहेर उभ्या गाडीला कोणी घासून गेलं तर रेकॉर्डिंग काहीच नाही. म्हणून लोक हार्डवायरिंग करून घेतात. कॅमेऱ्याला थेट फ्यूज बॉक्समधून वीज मिळते आणि गाडी उभी असतानाही तो पार्किंग मोडवर पहारा देतो.

आता धंद्याची मेख इथेच आहे. गाडी बंद असताना कॅमेरा गाडीच्या बॅटरीवर चालतो. सकाळी दवाखान्यात जायचंय, सेल्फ मारला आणि नुसतं टक-टक झालं, तर ग्राहक कॅमेरा कंपनीला फोन करणार नाही, तुम्हाला करेल. वायर सुंदर लपवली म्हणून पैसे मिळतात. नाव मात्र रोज सकाळी गाडी सुरू झाली तरच होतं.

बॅटरीचा हिशेब

हा हिशेब तोंडपाठ करा. धरा, कॅमेरा पार्किंग मोडमध्ये ०.३ अँपिअर खातो. खरा आकडा प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा, तो मल्टिमीटरने मोजायचा. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची धरू.

- रात्री १० ते सकाळी ८: १० तास × ०.३ = ३ अँपिअर-अवर. काही काळजी नाही.
- शुक्रवारी रात्री ८ ते सोमवारी सकाळी ८: ६० तास × ०.३ = १८ अँपिअर-अवर. बॅटरीचा निम्म्याहून जास्त साठा संपला! बॅटरी जुनी असेल तर गाडी सुरू होईलच असं नाही.

यासाठी हार्डवायर किटमध्ये 'कट-ऑफ' असतो. बॅटरीचा व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेला की किट कॅमेरा बंद करतं. पण तो आकडा कोणता ठेवायचा, हे तुम्हाला ठरवायचं असतं. गाडी काही तास बंद ठेवून साध्या लेड-अॅसिड बॅटरीचा व्होल्टेज मोजला तर साधारण असं दिसतं:

- १२.६ व्होल्ट किंवा थोडा जास्त: पूर्ण चार्ज
- १२.२ व्होल्ट: निम्मी
- १२.० व्होल्ट: जेमतेम पाव
- ११.८ व्होल्ट: जवळपास रिकामी

आता बघा, अनेक किटमध्ये ११.६ किंवा ११.८ चा पर्यायही असतो. तो ठेवला तर कॅमेरा जास्त वेळ चालतो, पण किट जागं होईपर्यंत बॅटरी बसलेली असते. त्यामुळे नियम सोपा ठेवा: रोज चालणारी गाडी आणि चांगली बॅटरी असेल तर १२.० च्या खाली जायचं नाही. बॅटरी जुनी असेल किंवा गाडी दोन-दोन दिवस उभी राहत असेल तर १२.२ किंवा १२.४, किटमध्ये जो पर्याय असेल तो.

आणि ग्राहकाला आधीच सांगा, "साहेब, रेकॉर्डिंग थोडं कमी होईल, पण गाडी सुरू होईल." गावाला जाताना गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पार्किंग मोड बंद करायला शिकवा.

काम हातात घेण्याआधी तीन प्रश्न

१. गाडी रोज किती चालते? रोज दहा-पंधरा मिनिटंच चालणाऱ्या गाडीची बॅटरी रात्रीचा खर्च धड भरून काढत नाही.
२. बॅटरी किती वर्षांची आहे?
३. गाडी कुठे उभी असते? उन्हात असेल तर आत लिथियम बॅटरी असलेल्या कॅमेऱ्यापेक्षा सुपरकपॅसिटरवाला कॅमेरा सुचवा. चंद्रपूर-नागपूरकडच्या मे महिन्यात बंद गाडीत काचेजवळ काय होतं, ते तिकडच्या मित्रांना सांगायला नको.

उत्तरं जॉब कार्डवर लिहा. सोबत मोजलेला व्होल्टेज आणि डॅशबोर्डवर आधीपासून पेटलेल्या वॉर्निंग लाइटचा फोटो. नंतर "हा लाइट तुमच्यामुळे लागला" हा वाद टळतो.

प्रत्यक्ष काम

किटला तीन वायरी असतात: एक कायम वीज असलेल्या फ्यूजला, एक चावी फिरवल्यावर वीज येणाऱ्या फ्यूजला आणि एक अर्थला. रंगावर विश्वास ठेवू नका, वायरीवरचं लेबल आणि माहितीपत्रक वाचा. ट्रक-बसची सिस्टिम २४ व्होल्टची असते, त्यासाठी किट चालतं का तेही तिथेच बघा.

पायरी १: चावी काढा. मल्टिमीटरने फ्यूज शोधा. चावी बंद असताना शून्य आणि चालू केल्यावर १२ दाखवतो तो चावीवरचा. दोन्ही वेळा १२ दाखवतो तो कायमचा. एअरबॅग, एबीएस आणि इंजिन कंट्रोलच्या फ्यूजला हात लावायचा नाही. सॉकेट, आतला दिवा अशा साध्या सर्किटचा फ्यूज निवडा.

पायरी २: गाडीची वायर कापायची नाही, सोलायची नाही. फ्यूज टॅप वापरा. मूळ फ्यूज त्याच्या एका खाचेत आणि कॅमेऱ्यासाठी किटसोबत सांगितलेला छोटा फ्यूज, बहुधा २ किंवा ३ अँपिअरचा, दुसऱ्या खाचेत. टॅपची दिशाही महत्त्वाची: फ्यूज काढल्यावर खाचेची जी बाजू जिवंत आहे, तिथे टॅपचा दोन्ही फ्यूजना सामाईक असलेला पाय यायला हवा. उलटा बसवला तरी कॅमेरा चालतो, पण त्याचा भार मूळ फ्यूजमधूनही जातो. फ्यूजचे आकार गाडीनुसार वेगळे असतात, म्हणून दोन-तीन प्रकारचे टॅप पेटीत ठेवा.

पायरी ३: अर्थची वायर गाडीच्या सांगाड्याच्या उघड्या धातूवरच्या बोल्टला घट्ट बांधा. रंगावर किंवा प्लास्टिकमधल्या स्क्रूला बांधली की कॅमेरा मधेच बंद-चालू होतो.

पायरी ४: इथे जिवाचा प्रश्न आहे. काचेच्या बाजूच्या खांबात, म्हणजे ए-पिलरमध्ये, बऱ्याच गाड्यांत कर्टन एअरबॅग असते. वायर एअरबॅगच्या पुढून किंवा तिच्यावरून कधीही न्यायची नाही, ती मागूनच गेली पाहिजे. एअरबॅग फुगते त्या वाटेत आडवी वायर नको. कव्हरवर 'एअरबॅग' लिहिलेलं दिसलं आणि त्या गाडीचं कव्हर कसं निघतं हे माहीत नसेल, तर ते ओढू नका. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी आणि कनेक्टर बहुधा एअरबॅगचे असतात, त्यांना सोडवायचं नाही. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी केबलपासून हात लांब.

पायरी ५: गाडी लॉक करा आणि अर्धा तास थांबा. काही नव्या गाड्यांत 'कायम' वाटणारा फ्यूजही थोड्या वेळाने झोपतो. अर्ध्या तासाने कॅमेरा पार्किंग मोडवर चालू दिसला तरच काम पूर्ण.

दराचा हिशेब

आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचा भाव तुम्ही काढा. धरा, मजुरी १,२०० रुपये आणि किटचे पैसे वेगळे. टॅप, टेप, क्लिपा, पेट्रोल मिळून ३०० खर्च. हातात राहिले ९००. दहा गाड्यांचे ९,०००. त्यातल्या एका गाडीची बॅटरी बसली आणि ग्राहकाशी वाद नको म्हणून ४,५०० ची नवी बॅटरी द्यावी लागली, तर पाच गाड्यांची मेहनत गेली. वर अर्धा दिवस आणि सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज वेगळाच!

म्हणून अर्धा तास थांबायची वेळ दरात धरा. शेजारचा ५०० मध्ये करतो म्हणून तुम्ही तेवढ्यात करायला गेलात, तर सगळ्यात आधी हीच तपासणी गाळली जाईल. भाव कमी करण्यापेक्षा ग्राहकाला जॉब कार्ड दाखवा: आलेला व्होल्टेज, ठेवलेला कट-ऑफ, वापरलेले फ्यूज. आठ दिवसांनी स्वतःहून फोन करून विचारा, "गाडी सकाळी व्यवस्थित सुरू होते ना?" पुढचा ग्राहक बहुतेक याच फोनमधून येतो.

या आठवड्याचा गृहपाठ

१. एक मल्टिमीटर घ्या आणि स्वतःच्या किंवा घरातल्या गाडीचा सकाळचा व्होल्टेज सात दिवस लिहा.
२. ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे दोन दिवस हाताखाली काम करा. पहिली गाडी ग्राहकाची नको, घरची.
३. तीन प्रश्नांचं जॉब कार्ड मराठीत तयार करा, एका पानात.
४. उद्यम नोंदणी केली नसेल तर सरकारी पोर्टलवर करून टाका. ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका.

सात दिवसांचे आकडे हातात आले की त्यावरून कट-ऑफ किती ठेवाल ते स्वतः ठरवा आणि जॉब कार्डवर लिहा. तेच तुमचं पहिलं भरलेलं कार्ड. भेटू पुढच्या भागात!